वहीत न मावलेली टाच

अक्का,

तुमचा मोजा मी देऊन टाकला. सुयांसकट. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं काही ऐकायच्या नाहीत, "मोजा कुठंय ते सांग आधी" म्हणत बसाल. शहनाजकडे आहे. पण तुम्ही ठेवून गेलात तसा तो आता राहिलेला नाही. तुमच्या हातची शेवटची टाच आम्ही पाच बायकांनी मिळून, भर दुपारी, तुमच्याच खोलीत बसून उसवली. आणि उसवा म्हणून सांगणारी मी होते.

रागावू नका. निदान सगळं ऐकून मग रागवा.

तुम्ही गेल्याला अजून महिना व्हायचाय. त्या दिवशी मी आणि हे नांदेडहून लातूरला पोचलो तेव्हा तुम्हाला मांडी घालून बसवलेलं होतं. कपाळभर विभूती, डाव्या तळव्यावर लिंग, गळ्यात झेंडूचा हार. आपल्यात माणसाला बसवूनच नेतात, हे काय मला नवीन नाही. पण तुम्ही इतक्या नेहमीसारख्या बसला होतात की मला वाटलं, आता मान वर करून म्हणाल, "आली का मास्तरीण?" सगळेजण तुमच्या तोंडाकडे पाहून रडत होते. मी बोटांकडे पाहत होते. ती बोटं सुयांवर चालताना मी सात वर्षांत पाहिली नव्हती. का, ते तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आपलं भांडण झालं त्या दिवशी खोलीत बसलेल्या बायकांना माहीत होतं.

माझी मोठी जाऊ लातुरात बसून लोकरीचे मोजे विणते, असं मी शाळेत सांगितलं की सगळ्या हसायच्या. आठ महिने पंख्याखाली बसणारी आपण माणसं, आपल्याला मोजे कशाला! सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. तुमचे मोजे थंडीसाठी नसून भेगांसाठी आहेत, हे कळायला मला दोन वर्षं लागली. दिवाळी सरली की मोंढ्यात धान्य चाळत दिवसभर अनवाणी उभ्या राहणाऱ्या बायांच्या, रानात काळ्या ढेकळांतून चालणाऱ्या बायांच्या टाचा फुटतात. रक्त येतं इतक्या फुटतात. खोबरेल तेलात मेण कढवून भेगांत भरायचं आणि वर मोजा चढवून झोपायचं. विकतचा मोजा टाचेवर ताणतो, भेग ओढली जाते, दुखतं. तुमचा मोजा ओढत नसे, टाचेला धरून बसायचा. मला भेगा नाहीत, मी जन्मभर चप्पल घालून फळ्यापुढे उभी राहिलेली बाई, म्हणून मला ते कधी अंगाने कळलं नाही.

तुमच्या महेशच्या आडत दुकानामागची ती खोली. तुरीच्या पोत्यांना टेकून तुम्ही बसायच्या आणि तुमच्या भोवती चार बायका. शहनाज गल्लीतलीच. सुशीला आठवड्यातून दोनदा रेणापूरहून एसटीने यायची, येताना सासूचा निरोप आणि शेतातली भाजी घेऊन. बाकीच्या दोघी येऊन-जाऊन. सगळ्यांच्या हातात तुमच्यासारख्याच सायकलच्या तारा, टोकं दगडावर घासून गोल केलेल्या. पोटरीची सरळ नळी सगळ्यांना यायची. टाचेशी आलं की सगळ्या थांबायच्या. मोज्याला रंगीत चिंधी बांधायची, तुमच्या पिशवीत टाकायचा, आणि दोन-तीन दिवसांनी टाच वळलेली न्यायची. पुढचं पाऊल आणि बोटं परत जिची तिने. इतकी वर्षं हे असंच चाललं. गल्लीत, मोंढ्यात, रेणापुरात जे जे म्हणून मोजे आहेत, ते कुणीही विणलेले असोत, त्यांच्या टाचा तुमच्या आहेत.

आणि तुम्ही टाचा नुसत्या वळायच्या नाहीत, ओळखायच्यासुद्धा. उंबऱ्याकडे पाठ करून बसलेल्या असलात तरी कोणी चप्पल काढून आत आली की तुम्ही डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली बघायच्या, तोंडाकडे नाही. "ये गं, सुशीला. डाव्या पायाला काय झालं तुज्या?" मला याची गंमत वाटायची. मी घरी येऊन यांना तुमची नक्कल करून दाखवायची. त्या बघण्यात काय चाललेलं असायचं ते आत्ता, या गेल्या पंधरा दिवसांत, कळलं मला.

तर ते भांडण.

मी निवृत्त होणार होते, त्या आधीची दिवाळीची सुट्टी. मी म्हटलं, अक्का, हे काही बरोबर नाही. उद्या तुमची बोटं आखडली तर या बायका काय करतील? मला दाखवा, मी लिहून घेते, चार पानांत बसेल. तुम्ही म्हणालात, "मला सांगता येत न्हाई गं. ही टाच मला कुणी सांगून शिकवलीच न्हाई." ती गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. लग्न झाल्यावर दोन वर्षं तुम्ही नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाजूला राहत होता आणि शेजारची पंजाबी बाई मोजे विणायची. तिला मराठी यायचं नाही, तुम्हाला पंजाबी यायचं नाही. ती हाताला धरून हात फिरवायची, चुकलं की बोटावर टपली मारायची आणि दोघी हसत सुटायच्या. एक शब्द न बोलता शिकलात तुम्ही. मला ती गोष्ट आवडायची. पण एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला, जे करता येतं ते सांगता येत नाही, हे पटायचं नाही. मी चौकटीची वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि म्हटलं, तुम्ही करा, मी मोजते.

तुम्ही केलीत. एक नाही, त्या दुपारी तीन टाचा वळल्यात माझ्यासाठी. पिशवीतून एकेक मोजा काढून. मी ओळी मोजल्या, टाके मोजले. पहिल्या वेळी टाचेच्या पट्ट्याच्या चोवीस ओळी आणि वळताना मधे सहा टाके. दुसऱ्या वेळी अठरा ओळी आणि मधे चार. तिसऱ्या वेळी अठ्ठावीस आणि आठ. मी विचारलं, यातलं खरं कुठलं? तुम्ही म्हणालात, "समदंच खरंय की." मी म्हटलं, असं कसं असेल, एकच रीत असणार ना! तुम्ही हसलात. त्या हसण्याचा मला राग आला अक्का. वर्गात आकडा चुकवून हसणाऱ्या पोरीचा यावा तसा आला.

मी काय म्हटलं ते मी इथे लिहिणार आहे. टाळणार नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हाला शिकवायचंच नाही. मुद्दाम आकडे बदलताय. तुमच्यावाचून सगळ्यांचं अडावं, हीच इच्छा आहे तुमची."

सुशीलाने पदर तोंडाला लावला. तुम्ही हातातली ओळ पुरी केलीत, सुया मिटवल्या आणि म्हणालात, "तुला तसं वाटतं तर तसं." आवाज चढवला नाहीत. चहा केलात, निघताना मला शेंगाची चटणी बांधून दिलीत. पुढे सात वर्षं मी आले की तुम्ही तितक्याच मायेने वागलात, पण मी खोलीत पाऊल टाकलं की सुया पिशवीत जायच्या. बायका विणत राहायच्या आणि तुमचे हात रिकामे. मी ते पाहायची. मला माफी मागायची होती आणि नव्हतीही, कारण माझी वही माझ्याकडे होती आणि वहीत तीन वेगळे आकडे होते. वही खोटं बोलत नाही असं मी धरून बसले होते.

तुमचे दिवस झाल्यावर महेशने ती पिशवी माझ्या हातात दिली. "काकू, ह्यातलं मला काय कळत न्हाई. तुम्हीच बघा." आत चार मोजे होते, चार चिंध्या बांधलेले, टाचेशी थांबलेले. आणि पाचवा तुमचा. करड्या लोकरीचा. टाच वळून झालेली, बाजूचे टाके उचलून पावलाच्या चार फेऱ्या झालेल्या, चारी सुया अजून त्यात. शेवटच्या टाक्यानंतर लोकर सुईला दोनदा गुंडाळलेली, निसटू नये म्हणून. म्हणजे जेवून परत येऊन पुढं विणायचंच होतं.

बायका आपापला मोजा न्यायला आल्या. नेऊन तरी काय करणार, टाच वळणार कोण? सुशीलाच्या सुनेने मोबाईलवर दाखवलं होतं. त्यांनी पाहून केलंही होतं. टाच झाली, पण दोन्ही कोपऱ्यांना बोट जाईल एवढी भोकं. "असलं भोक भेगंवर आलं तर लई दुखतंय बाई," सुशीला म्हणाली, "अक्काच्या टाचेला भोकच नसायचं." मग शहनाज बराच वेळ तुमच्या मोज्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"बाई, बुरा मत मानो. मगर ये खोलना पडता."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी मोजा ओढून छातीशी धरला. या वयात, त्या सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखा. शहनाज घाबरली नाही. म्हणाली, "अक्काकी टाच मिट्टीमें गई तो हम सबके मोजे आधेच रहते. इसमें ताजी है. एक-एक टाका पीछे गये तो दिखेगी, उनो कैसे करते थे." सुशीला मधेच म्हणाली, "न्हाई न्हाई, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मी तर हात लावणार न्हाई त्याला." मी काहीबाही बोलले. तुमच्या माणसाची वस्तू अशी उसवाल का, असंही बोलले. आणि पिशवी घेऊन नांदेडला निघून आले.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. सात वर्षं तुम्ही जे माझ्यापासून झाकून ठेवलंत ते आता माझ्या हातात होतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं. माफी मागायला माणूस उरलं नव्हतं, निदान तुमचे टाके तरी उरले होते.

नांदेडला घरी आठ दिवस मी तो मोजा टेबलावर ठेवून बसले. चष्म्यावर भिंग धरून टाके मोजायची. बाहेरून काही कळत नाही अक्का. लोकर लोकरीच्या आत जाते आणि पुढे दिसेनाशी होते. यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि स्वतःचा जुना मोजा आणून दिला, तुम्हीच विणलेला. "हा उसव. वहिनीच्याच हातचा आहे." मी उसवायला घेतला. दहा वर्षं धुऊन धुऊन लोकर एकमेकीत इतकी बसली होती की टाका सुटेना, ओढला की तुटायचा. टाचेपर्यंत पोचायच्या आधी माझ्यापुढे तुकड्यांचा ढीग झाला. यांचा मोजा गेला तो गेला. हे ढिगाकडे बघून म्हणाले, "नवा आहे तोवरच उघडेल तो. आणखी सहा महिन्यांनी त्यालाही असंच विचारत बसशील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी लातूरला आले. पिशवीत मोजा आणि ती चौकटीची वही.

खोलीत पोती होती, तुम्ही टेकायच्या ती जागा रिकामी होती, तिथे कुणी बसलं नाही. मी मोजा शहनाजच्या हातात दिला आणि म्हटलं, उसव. तिने आधी सुयांना हात लावून कपाळाला लावला. मग गुंडाळलेली लोकर सोडवली. सुशीला म्हणाली होती हात लावणार नाही, पण सुटलेली लोकर बोटांवर गुंडाळून घ्यायला तीच पुढे सरकली. मी वही उघडली. शहनाज एकेक टाका मागे नेत होती आणि काय सुटलं ते सांगत होती. मी लिहीत होते. शेवटून पहिल्याकडे.

काय सांगू तुम्हाला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच केलेलं. तरी सांगते, कारण तुम्ही ते कधी या बाजूने पाहिलं नसेल.

चार फेऱ्या सहज सुटल्या. मग कोपरा आला, जिथे सगळ्यांचं भोक पडतं. शहनाज थांबली. "बाई, यहां एक ज्यादा है." तुम्ही कोपऱ्यात खालच्या ओळीतून एक फास उचलला होता, त्याला पीळ दिला होता आणि शेजारच्या टाक्यात मिटवून टाकला होता. एवढंच. भोक पडायच्या जागी तुम्ही आधीच एक टाका नेऊन उभा केला होता आणि दुसऱ्या फेरीत तो नाहीसाही केला होता. बाहेरून भिंग लावूनही दिसला नसता. सुशीलाने हात तोंडावर ठेवला. "बया! हे आसं व्हतं व्हय?" शहनाजने दुसरा कोपरा तपासला. तिथेही होता, पण पीळ उलट्या बाजूचा.

मग टाच सुरू झाली. शहनाजने एक टाका सोडवला आणि त्याच्या पोटातून दोन निघाले. मग थोडे साधे, मग परत एकाचे दोन. मला हळूहळू दिसायला लागलं. तुमची सुई ओळीच्या टोकापर्यंत जातच नव्हती. मधूनच परत फिरायची, फिरताना बाजूचा एक टाका पोटात घ्यायची, मग पलीकडे जाऊन तेच. दर ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका टाक्याने लांब. आम्ही उलटे चाललो होतो, म्हणून आमच्या समोर ओळी आखूड होत होत मधल्या सहा टाक्यांवर येऊन थांबल्या, आणि शहनाजच्या तळव्यातली ती गोल वाटी बघता बघता सपाट पट्टी झाली. सपाट. कागद कापल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय त्याची वाटी होत नाही, हे मी एकतीस वर्षं पोरांना सांगत आले. आणि माझी सातवीपर्यंत शिकलेली जाऊ, सायकलच्या तारांवर, न कापता न चुरगळता, सपाटातून वाटी काढत होती, गप्पा मारता मारता, शेंगा सोलणाऱ्या पोरींना दटावता दटावता. आम्ही पाचजणी त्या पट्टीकडे बघत बसलो. बाहेर दुकानात काटा चालू होता, हमालांचे आवाज येत होते.

मग सुशीलाने माझी वही ओढून घेतली. मागची पानं चाळता चाळता ती त्या जुन्या पानावर आली. तीन रकाने. डोक्यावर मी रंग लिहिले होते, लोकरीचे. राखाडी, हिरवा, मरून.

"हिरवा?" ती म्हणाली. "आवो बाई, हिरवा तर माझ्या सासूचा. अठरा वळी, बराबर हाय. म्हातारीची टाच लेकरावानी हाय, इवलीशी."

शहनाज वाकली. "मरून हमारे इनका था. अठ्ठाईस. इनकी टाच देखे क्या तुम? रोटीके वैसी चौडी."

राखाडी कुणाचा, तेही निघालं. तिसरी बाई म्हणाली, माझाच होता.

अक्का, तुम्ही त्या दुपारी मला एकच टाच तीनदा दाखवत नव्हता. तीन माणसांच्या तीन टाचा वळत होता. "समदंच खरंय" म्हणालात, ते तसंच होतं. मी रंग लिहिले आणि माणसं लिहिली नाहीत. खोलीतली प्रत्येक बाई, तिच्या घरचं माणूस, कधी ना कधी उंबऱ्यात चप्पल काढून आत आलं होतं, आणि त्या एका नजरेत तुम्ही ओळी ठरवल्या होत्या, मधले टाके ठरवले होते, आणि ते वर्षानुवर्षं डोक्यात ठेवले होते. किती टाचा असतील त्या डोक्यात? मी मोजायला जाते आणि थांबते. मला एका वर्गातल्या पोरांची नावं पाठ करायला दिवाळी उजाडायची.

मी त्यांच्यासमोर मोठ्याने म्हटलं, अक्का खोटं बोलल्या नव्हत्या. मी बोलले होते. शहनाज म्हणाली, "मालूम है बाई. हमकू तभीच मालूम था." इतकंच. मला वाटलं होतं त्या सात वर्षं तुमची बाजू की माझी बाजू असा विचार करत असतील. त्यांना तसलं काही पडलेलंच नव्हतं.

मग शहनाज म्हणाली, हा करडा मोजा कुणाचा होता बघू. पट्टीही सोडवून झाली होती आणि वहीत नवे आकडे होते, बावीस ओळी, मधे सहा. चौघींनी पाय पुढे केले. मीही केले. पोत्यांच्या मधे दहा पाय, भेगांचे, जोडव्यांचे, एक मेंदी लावलेला. सुशीला एकेक टाच हातात धरून बघत होती आणि मान हलवत होती. कुणाचाच नव्हता तो. मोंढ्यातून जाता-येता तुम्ही कुणाची तरी टाच पाहिली असणार, जिला अजून माहीतही नाही की तिच्यासाठी सुयांवर मोजा चढला होता. मला तेव्हा रडू आलं. दिवसांच्या कार्यात आलं नव्हतं एवढं आलं.

निघताना शहनाजने तो मोजा माझ्यापुढे धरला. नळी सुयांवर, टाच नाही, सुशीलाने गुंडाळलेला लोकरीचा गुंडा. उसवलेली लोकर सरळ होत नाही, टाक्यांच्या वळणांनी कुरळीच राहते. "लेके जाव बाई. तुमारी निशानी है." मी हात पुढे केला, लोकरीवरून फिरवला आणि म्हटलं, नको. तुम्ही सगळ्या मिळून पुरा करा. अक्का, तुमच्या हाताचा टाका बारीक, शहनाजचा सैल. टाचेच्या वर कुठे तुमचा हात संपला आणि तिचा सुरू झाला, ते बघणाऱ्याला दिसेल. दिसू दे.

वहीसुद्धा मी तिथेच ठेवून आले. स्वच्छ अक्षरात उतरवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ क्रमाने, कोपऱ्यातल्या पिळासकट. खाली लिहिलं, मधे टाके सहा. मास्तरीणच ती, रेघ मारून अधोरेखित केलं.

परवा दुपारी शहनाजचा फोन आला, व्हिडिओवाला. समोर मोजा धरला होता, टाच वळलेली, कोपऱ्यात भोक नाही. मागून सुशीलाचा आवाज, "दिसतंय का बाई? दिसतंय का?" मी म्हटलं, दिसतंय गं, छान झालीय. मग शहनाजने आवाज जरा खाली आणला.

"बाई, एक बात बोलनी थी. वहीमें छे लिखेले है ना. मैंने आठ पकडी."

समोरच्या दुकानापुढे धान्य चाळायला काशीबाई म्हणून नवी बाई येते म्हणे. टाचा रुंद, फुटून फुटून आणखी रुंद झालेल्या. शहनाजने तिला उंबऱ्यात उभी असताना पाहिलं, वही बाजूला ठेवली आणि हाताला जे वाटलं ते केलं. बावीस ओळींच्याही पंचवीस-सव्वीस झाल्या असतील म्हणाली, मोजल्या नाहीत. आणि आता तिला भीती वाटत होती, मी रागवेन म्हणून.

माझं तोंड उघडलं होतं अक्का. खोटं कशाला सांगू, वहीत सहा लिहिलंय, हेच शब्द जिभेवर आले होते. मी ते गिळले.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आठच बरोबर आहे."

मग फोन ठेवला. दोन शब्दांचं काम होतं ते. तीन टाचा तुम्ही माझ्यासमोर ठेवल्यात तेव्हा, त्या खोलीत, त्या सगळ्यांसमोर, मी तेच तुम्हाला म्हणायला हवे होते.